न घेतलेलं कर्ज आणि संशयातला भाचा

एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. वय ५८, शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा सारांश देते.

तीन आठवड्यांपूर्वी त्यांना एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या वसुली विभागातून फोन आला. दोन हप्ते थकले आहेत, अर्जावरचा मोबाइल नंबर बंद आहे म्हणून तुमचा हा नंबर शोधून काढला, असं सांगण्यात आलं. त्यांनी आयुष्यात कधी ऑनलाइन कर्ज घेतलेलं नाही, त्यामुळे फोन फसवणुकीचा असणार असं समजून त्यांनी तो कापला. चार दिवसांनी जुन्या घराच्या शेजाऱ्यांनी एक पत्र आणून दिलं. त्यात पूर्ण नाव, जन्मतारीख, ओळख क्रमांक सगळं बरोबर. पत्ता मात्र सहा वर्षांपूर्वी सोडलेल्या घराचा. कर्जाची रक्कम त्यांच्या नसलेल्या एका बँक खात्यात जमा झालेली.

दोन वर्षांपूर्वी निवृत्तीच्या कागदपत्रांच्या वेळी त्यांच्या भाच्याने मदत केली होती. सगळ्या कागदांचे फोटो त्याच्या फोनमध्ये आहेत. सध्या त्याची नोकरी सुटली आहे. यजमान म्हणतात, रक्कम काही बुडवणारी नाही, गुपचूप भरून मोकळं होऊ, बहिणीशी वितुष्ट नको. मुलगी म्हणते, सरळ पोलिसांत जा आणि त्याचं नाव दे. बहिणीला अजून काहीच माहीत नाही. त्या लिहितात: 'माझ्यासारख्या साध्या बाईकडे चोरण्यासारखं आहे तरी काय? चूक माझीच, मीच कागद हातात दिले. आता मोबाइलवरचं सगळं बंद करून टाकावं का?'

नमस्कार ताई,

तुमच्या पत्रात 'चूक माझीच' हे शब्द चार वेळा आले आहेत. मी मोजले. म्हणून कर्ज, पोलीस, भाचा हे सगळं थोडं बाजूला ठेवून तिथूनच सुरुवात करते.

समजा, कुणी एक माणूस सावकाराकडे गेला, त्याने तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगितली आणि पैसे घेऊन तो पसार झाला. यात फसलं कोण? सावकार. पैसे गेले कुणाचे? सावकाराचे. त्याने नीट चौकशी केली नाही, आणि आता तो तुमच्या दारात उभा राहून म्हणतो, 'नाव तुमचं सांगितलं होतं, तेव्हा तुम्हीच भरा.' त्याला तुम्ही पाणीसुद्धा विचारणार नाही. तुमच्या बाबतीत नेमकं हेच घडलंय. फक्त सावकाराच्या जागी कंपनी आहे, तिचं पत्र छापील आहे, वर संदर्भ क्रमांक आहे, त्यामुळे आपल्याला उगाच अपराधी वाटायला लागतं. 'ओळखचोरी' हा शब्दही इथे थोडा घात करतो. चोरी म्हटलं की आपण आपल्या दाराचं कुलूप तपासायला धावतो. इथे कुलूप बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच दाराचं असतं आणि ते तुमच्या जन्मतारखेने उघडेल अशी सोय त्यानेच करून ठेवलेली असते.

हे दुखणं इंटरनेटच्या आधीचं आहे. १९३८ साली अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या लॉकपोर्ट इथल्या एका पाकिटं बनवणाऱ्या कंपनीने पाकिटांत नमुन्याचं सोशल सिक्युरिटी कार्ड, म्हणजे तिथल्या सरकारी ओळख क्रमांकाचं कार्ड, घालायला सुरुवात केली. हे क्रमांक तिथे दोनच वर्षांपूर्वी द्यायला लागले होते आणि नवं कार्ड पाकिटात कसं छान बसतं हे गिऱ्हाइकाला दाखवायचं होतं. त्यावर खोटा क्रमांक छापायचा सोडून कंपनीच्या एका अधिकाऱ्याने आपल्या सेक्रेटरीचा खराखुरा क्रमांक छापला. कार्ड खऱ्याच्या निम्म्या आकाराचं, लाल शाईतलं, आणि वर 'नमुना' असं लिहिलेलं. तरी पाकीट घेणाऱ्या हजारो लोकांनी तोच आपला क्रमांक म्हणून वापरायला घेतला. एकट्या १९४३ सालात ५,७५५ जण तो वापरत होते. सगळ्या वर्षांची बेरीज ४०,०००च्या वर गेली, आणि १९७७ मध्येसुद्धा बारा जण तो सांगत होते! शेवटी मूळ क्रमांक रद्द करून त्या बाईंना नवा द्यावा लागला.

या गोष्टीत चोर नाही, हे मला फार बोलकं वाटतं. त्या बाईंनी काय निष्काळजीपणा केला होता? काहीच नाही. ओळख क्रमांकाचं काम नावासारखं असतं: एकाच नावाच्या चार जणींमधली ही कोणती, एवढं तो सांगतो. समोर उभी असलेली बाई तीच आहे का, हे तो सांगू शकत नाही. आणि नाव सांगितल्याशिवाय जगता येत नाही. दवाखान्यात, शाळेत, घरमालकाला, मोबाइलवाल्याला आपण हा क्रमांक आयुष्यभर देत आलो आहोत. नाव सांगितलं की दार उघडायचं असं एखाद्या संस्थेने ठरवलं, तर त्या दारातून कोण आत गेलं याचा जाब तुम्हाला का विचारायचा?

तेव्हा 'मी कागद दिले' ही चूक नव्हती. निवृत्तीचे कागद मार्गी लागायला ते कुणाला तरी द्यावेच लागणार होते.

आता 'माझ्याकडे चोरण्यासारखं काय आहे' याबद्दल. तुम्ही घरातलं सोनंनाणं डोळ्यांसमोर ठेवून हे विचारताय. हे लोक तुमच्या बँकेतल्या शिलकीकडे बघतच नाहीत. त्यांना हवी असते कोरी पाटी. तीस-पस्तीस वर्षं एकाच नोकरीत, पगार वेळेवर, कुणाचं देणं नाही, कोर्टकचेरी नाही. कर्ज देणाऱ्याच्या संगणकाला याहून भरवशाचं गिऱ्हाईक सापडायचं नाही. तुमचा साधेपणा हीच इथे जोखीम आहे. याच कारणाने लहान मुलांच्या आणि वारलेल्या माणसांच्या नावांवरही असले उद्योग होतात: मुलाच्या नावावर काही निघालंय हे तो सज्ञान होऊन पहिलं कर्ज मागेपर्यंत कुणी पाहत नाही, आणि वारलेला माणूस तक्रार करायला येत नाही.

'मला काय होणार' असं म्हणणाऱ्यांत तुम्ही एकट्या नाही. २००७च्या नोव्हेंबरात ब्रिटनच्या कर खात्याने अडीच कोटी लोकांच्या तपशिलांच्या दोन डिस्क टपालात हरवल्याचं जाहीर झालं. त्यावर जेरेमी क्लार्कसन या तिथल्या प्रसिद्ध टीव्ही सूत्रधाराने आपल्या वर्तमानपत्री सदरात लिहिलं की हा सगळा उगाचचा गाजावाजा आहे, खाते क्रमांक कळून कुणी काय करणार. आणि स्वतःचा खाते क्रमांक छापून मोकळा झाला. थोड्याच दिवसांत त्याच्या खात्यातून ५०० पौंड मधुमेहाचं काम करणाऱ्या एका संस्थेला देणगी म्हणून वळते झाले. कुणी केलं ते बँक त्याला सांगूही शकली नाही. त्याने पुढच्या लेखात आपलं चुकलं हे कबूल केलं, एवढं मात्र त्याच्या पदरात घालायला हवं.

भाच्याकडे येऊ.

'कागद फक्त त्याच्याचकडे होते' असं तुम्ही लिहिता. खरंच? गेल्या वीस वर्षांत तुमच्या ओळखपत्राची प्रत कुठे कुठे गेली याची यादी करायला बसा. शाळेचं कार्यालय, बँक, विमा, प्रत्येक नवं सिमकार्ड, भाडेकरार, प्रवासातली हॉटेलं, रुग्णालय, झेरॉक्सच्या दुकानातला तो संगणक, ज्यावर आपण फाइल मेल करतो आणि पुसायची राहून जाते. ही झाली आपल्याला आठवणारी ठिकाणं. त्याखेरीज ज्यांना आपण कधी काही दिलंच नाही, तेही आपली माहिती बाळगून असतात. २०१७ मध्ये इक्विफॅक्स या अमेरिकी क्रेडिट ब्युरोतून, म्हणजे लोकांच्या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेतून, सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची नावं, जन्मतारखा, पत्ते आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक फुटले. एका सॉफ्टवेअरमधली दुरुस्ती उपलब्ध असूनही तिथे वेळेवर बसवली गेली नव्हती. त्यातल्या बहुतेकांनी इक्विफॅक्सच्या दारात पाऊलही ठेवलं नव्हतं. आणि माणूस ओळखायला फार माहिती लागतही नाही. लतान्या स्वीनी या संगणकशास्त्रज्ञ बाईंनी २००० साली दाखवून दिलं की जन्मतारीख, लिंग आणि पाच अंकी पिनकोड एवढ्या तिन्हींवरून अमेरिकेतले ८७ टक्के लोक एकेकटे ओळखता येण्याची शक्यता आहे.

तुमच्याच पत्रात एक गोष्ट आहे, ती तुम्ही ओलांडून पुढे गेलात. अर्जावरचा पत्ता जुन्या घराचा आहे. ते घर तुम्ही सहा वर्षांपूर्वी सोडलंत. भाच्याने कागद पाहिले दोन वर्षांपूर्वी, आणि निवृत्तीच्या कागदांवर तुम्ही नवाच पत्ता दिला असणार. शिवाय तो तुमच्या घरी येतो-जातो, तुम्ही कुठे राहता हे त्याला पाठ आहे. मग त्याने जुना पत्ता का लिहावा? म्हणजे ही माहिती सहा वर्षांहून जुन्या कुठल्या तरी साठ्यातून गेली असण्याची शक्यता बरीच मोठी आहे. यावरून तो निर्दोष ठरतो असं मी म्हणत नाही. दिलेल्या कागदांत एखादा जुन्या पत्त्याचा असेल, किंवा पत्र तुमच्या हाती पडू नये म्हणून मुद्दाम तो लिहिला असेल. जवळच्या माणसांनी असं केल्याची उदाहरणं आहेत आणि ती विरळा नाहीत. पण आज तुमच्या हातात त्याच्याविरुद्ध आहे काय? त्याच्याकडे फोटो आहेत आणि त्याची नोकरी गेली आहे, एवढंच. नोकरी जाणं हा पुरावा होत नाही.

यजमानांच्या सल्ल्यामागचं मन मला कळतं. पण पैसे भरू नका. एक हप्तासुद्धा नको, 'तात्पुरता' म्हणूनही नको. तो भरला की 'कर्ज तुम्ही मान्य केलंत' असं म्हणायला कंपनी मोकळी होते आणि पुढचं सगळं भांडण अवघड होऊन बसतं. दुसरं असं की, ज्याने एकदा तुमच्या नावावर पैसे उचलले तो दुसऱ्यांदा उचलणार नाही याची हमी काय? कदाचित उचललेही असतील. हे तुमच्या हाती आलेलं पहिलं पत्र आहे. निघालेलं पहिलंच कर्ज असेलच असं नाही.

म्हणून पहिलं काम: तुमच्या देशात ज्या काही क्रेडिट ब्युरो संस्था आहेत, त्या सगळ्यांकडून स्वतःचा अहवाल मागवा. एकीकडचा पुरत नाही, कारण प्रत्येक कर्ज प्रत्येक ठिकाणी नोंदलं जातंच असं नाही. अनेक देशांत ठरावीक काळाने तो फुकट मिळतो. भारतात २०१७ पासून प्रत्येक ब्युरोला वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यावा लागतो. अहवालात तुमची नसलेली खाती बघा, आणि त्याहून बारकाईने 'चौकशी' या सदराखालच्या नोंदी बघा. कुणीतरी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला, तरी तिथे खूण राहते. तुमचे म्हणून कोणते पत्ते आणि फोन नंबर नोंदलेत तेही पाहा. बऱ्याचदा सुगावा तिथेच लागतो.

मग कंपनीला लेखी कळवा. फोनवर नाही. आणि त्या पत्रावर छापलेल्या किंवा फोन करणाऱ्याने दिलेल्या नंबरावर तर नाहीच. कंपनीचा अधिकृत पत्ता स्वतंत्रपणे शोधा. पहिला फोन तुम्ही कापलात ते अगदी योग्य केलंत, वसुलीच्या नावाने येणारे खोटे फोनही कमी नाहीत. पत्रात तीन गोष्टी असू द्या. हे कर्ज माझं नाही. मूळ अर्जाची प्रत, जोडलेली ओळखपत्रं आणि फोटो, अर्जाची तारीख आणि वेळ, त्यावरचा मोबाइल आणि ईमेल, पैसे गेले ते खातं, हे सगळं मला द्या. देता येत नसेल तर पोलिसांसाठी जपून ठेवा. आणि चौकशी संपेपर्यंत वसुली थांबवा, ब्युरोला 'वादग्रस्त' असं कळवा. पोच घ्या. ब्युरोकडेही वेगळी हरकत नोंदवा, कारण कंपनी आपणहून दुरुस्ती कळवेल या भरवशावर राहिलेले लोक वर्षानुवर्षं ताटकळलेत. एक वही घाला: कुणाशी, कधी, काय बोललात. तुम्ही शिक्षिका होतात, हजेरीपट ठेवायची सवय असेलच.

आता पोलीस. तुमच्या घरात हा वाद 'तक्रार करायची की भाच्याला वाचवायचं' असा चाललाय, आणि मला वाटतं तिथेच तुम्ही सगळे अडकलात. तक्रार अज्ञात व्यक्तीविरुद्ध करता येते. तक्रारीत तुम्हाला माहीत असलेलं लिहायचं असतं: अमुक तारखेला पत्र आलं, असं कर्ज मी घेतलेलं नाही, पैसे ज्या खात्यात गेले ते माझं नाही. ती पोच हातात आल्याशिवाय बहुतेक कंपन्या हलत नाहीत, म्हणून तक्रार टाळू नका. भारतात आर्थिक सायबर फसवणुकीसाठी १९३० ही हेल्पलाइन आहे. अमेरिकेत 'आयडेंटिटीथेफ्ट डॉट गव्ह' या सरकारी संकेतस्थळावर पुढच्या पायऱ्याही मांडून दिलेल्या असतात. इतरत्र असाल तर स्थानिक पोलीस ठाणं आहेच.

कागद कुणाकुणाकडे होते असं पोलिसांनी विचारलं, तर लपवू नका. यादी द्या, पूर्ण यादी, त्यात भाचाही येईल आणि शाळेचं कार्यालयही. 'त्याच्याकडे प्रती होत्या' आणि 'त्याने केलं' या दोन वाक्यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिलं तुम्हाला माहीत आहे. दुसरं माहीत नाही, म्हणून ते मुलीच्या रागापोटी लिहून देऊ नका. पैसे कुठल्या खात्यात गेले हे तपासात कळेल. मात्र तेही खातं बहुधा भाडोत्री असतं, म्हणजे चार पैशांसाठी कुणीतरी आपलं खातं दुसऱ्याला वापरायला दिलेलं. तेव्हा त्यावर अनोळखी नाव दिसलं म्हणजे लगेच उलगडा झाला असंही समजू नका.

आणि खरोखर तोच निघाला तर? तर तेव्हा एक कटू पेच तुमच्यापुढे येईल, आणि मी तो साखरेत घोळवून सांगणार नाही. गुन्हा कुणाचा हे कळल्यावर तुम्ही तक्रार मागे घेतलीत, तर कंपनीच्या दृष्टीने कर्ज पुन्हा तुमचं होऊ शकतं. त्याला वाचवायचं ठरवलंत तर ते पैसे तुमचे, हे धरून ठरवा, आणि तसं करण्याआधी एखाद्या वकिलाला विचारा. पण तो पूल अजून आलेलाच नाही. आज घाईने त्याचं नाव घेतलंत आणि उद्या दुसराच कुणी निघाला, तर बहिणीच्या घरचा उंबरा पुन्हा कसा ओलांडाल?

मोबाइलवरचं सगळं बंद करू का, या प्रश्नाला माझं उत्तर स्पष्ट 'नाही' असं आहे. सभागृहात आपल्या नावाची खुर्ची रिकामी ठेवली, तर दुसरा कुणी येऊन बसतो. बँकेचं नेट बँकिंग, क्रेडिट ब्युरोवरचं खातं, कर खात्याचं खातं, मोबाइल कंपनीचं खातं, ही सगळी तुमच्या नावाने कधीतरी उघडली जाणारच आहेत. ती तुम्ही स्वतः, स्वतःच्या फोन नंबरने आणि ईमेलने आधी उघडून ठेवलेली बरी. त्यांचे संदेश तुमच्याकडे येऊ लागतील, आणि पुढच्या वेळी पहिली खबर शेजाऱ्यांच्या हातून येणार नाही.

मग जपायचं काय? क्रमांक जपायची वेळ गेली, ते कधीच बाहेर पडलेत. ज्या दोन-तीन ठिकाणांहून 'ही मीच' हे सिद्ध होतं, ती जपा.

त्यात सगळ्यात वर तुमचा ईमेल आणि तुमचा फोन नंबर. २०१२च्या ऑगस्टमध्ये मॅट होनान या अमेरिकी पत्रकाराच्या बाबतीत काय झालं ते ऐका. ॲमेझॉनच्या खात्यात त्याच्या कार्डाचे शेवटचे चार अंक दिसत होते; ॲमेझॉनच्या लेखी ते उघडे ठेवण्याइतके बिनमहत्त्वाचे होते. ॲपलच्या मदत केंद्रात मात्र तेच चार अंक आणि पत्ता सांगितला की ओळख पटली असं धरत होते. चोरांनी एकीकडून उचलून दुसरीकडे ते चालवले, त्याचा फोन, टॅबलेट, लॅपटॉप सगळं पुसून टाकलं. लहान लेकीचे फोटोही त्यात गेले. हे सगळं कशासाठी, तर त्यांना त्याचं तीन अक्षरी ट्विटर नाव हवं होतं.

तेव्हा ईमेलला असा पासवर्ड द्या जो दुसरीकडे कुठेही वापरलेला नाही, आणि दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खूण मागण्याची सोय, चालू करा. ओटीपी एसएमएसने येण्यापेक्षा ॲपमधून मिळणारा बरा. 'पासकी'ची, म्हणजे पासवर्डऐवजी फोनच्याच कुलपाने आत शिरण्याची, सोय असेल तर ती उत्तम, कारण ती खऱ्या संकेतस्थळाशीच बांधलेली असते आणि हुबेहूब दिसणाऱ्या खोट्या पानावर चालतच नाही. पासवर्ड दर महिन्याला बदलायचा तो जुना उपदेश सोडून द्या. अमेरिकेच्या मानक संस्थेने, निस्टने, २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा बदला. सतत बदलायला लावलं की माणसं शेवटचा आकडा एकाने वाढवतात. फुटलाय का हे पाहायला ट्रॉय हंट यांनी २०१३ मध्ये सुरू केलेलं 'हॅव आय बीन पोन्ड' हे मोफत संकेतस्थळ आहे: तुमचा ईमेल कोणत्या गळतींमध्ये सापडला ते तिथे कळतं. पासवर्ड लक्षात राहत नसतील तर पासवर्ड मॅनेजर, म्हणजे ते साठवून ठेवणारं ॲप, वापरा. तेही जमत नसेल तर घरातल्या कपाटात एक वही ठेवा. तज्ज्ञ नाकं मुरडतील. पण तुमच्या कपाटापर्यंत यायला चोराला घरात यावं लागतं, आणि एकच सोपा पासवर्ड दहा ठिकाणी असेल तर जगाच्या कुठल्याही कोपऱ्यात बसून काम होतं.

सुरक्षा प्रश्नांची खरी उत्तरं देऊ नका. हे मी स्वतःच्या फजितीवरून सांगते. माझ्या एका खात्याचा प्रश्न होता 'पहिली शाळा कोणती'. मेळाव्याचा फोटो मीच मोठ्या हौसेने टाकला होता, मागे शाळेच्या नावाचा भलामोठा फलक. आता माझ्या 'पहिल्या शाळे'चं उत्तर एका भाजीचं नाव आहे. कोणती, ते विचारू नका.

फोन नंबरासाठी सिमला पिन लावा, आणि मोबाइल कंपनीकडे नंबर दुसऱ्या सिमवर हलवण्याविरुद्ध वेगळा पिन किंवा कुलूप असेल तर तेही. तुमच्या नावाने दुसरं सिम काढून ओटीपी पळवणं ही जुनी युक्ती आहे. तिची खूण एकच: चालू फोनचं नेटवर्क अचानक जातं आणि घरातल्या इतरांचं चालू असतं. तसं झालं तर 'येईल थोड्या वेळाने' म्हणून बसू नका, दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि मग बँकेला गाठा.

क्रेडिट अहवाल गोठवायची सोय तुमच्याकडे असेल तर ती मला या सगळ्यांत जास्त कामाची वाटते. अमेरिकेत २०१८ पासून ती फुकट आहे. अहवाल गोठवला की नवं कर्ज देणाऱ्याला तो बघताच येत नाही, आणि न बघता सहसा कुणी देत नाही. तुम्हाला या वयात नवं कर्ज कितीदा लागणार? लागलं तर उघडायचा. सोय नसेल, तर निदान ब्युरोकडून 'चौकशी झाली' असा तत्काळ संदेश येण्याची व्यवस्था करा. इथून पुढे प्रत देताना तीवर आडवी रेघ मारून कशासाठी दिली आणि तारीख लिहा. याने चोर थांबेलच असं नाही, पण प्रत कुठून निघाली ते कळेल, आणि तुमच्यासारख्या पेचात तेवढंही पुष्कळ असतं.

आणखी एक. तक्रार केल्यावर काही दिवसांत 'तुमचं नाव आम्ही साफ करून देतो' असे फोन येतील. फी आगाऊ मागतील. एकदा फसलेल्यांच्या याद्या विकल्या जातात. ब्युरोकडे हरकत नोंदवायला मध्यस्थ लागत नाही.

बहिणीला मात्र सांगा, आणि लवकर सांगा. भाच्याचं नाव न घेता, जे घडलं तेवढंच: माझ्या नावावर कुणीतरी कर्ज काढलंय, तक्रार केली आहे. हे तिला तुमच्याकडून कळावं, चौकशीला आलेल्या हवालदाराकडून नव्हे. भाच्याशी बोलाल तेव्हा अर्जाची प्रत हाती आलेली असू द्या, आणि सुरुवात प्रश्नाने करा: 'माझ्या कागदांचे फोटो तू पुढे कुणाला पाठवले होतेस का?' एखाद्या एजंटला, एखाद्या ग्रुपवर, कुठल्या सायबर कॅफेत? चांगल्या मनाने मदत करणाऱ्यांच्या हातूनही कागद बाहेर जातात, आणि त्या उत्तरातून तपासाला धागा मिळू शकतो. आधी ते मेसेज पोलिसांसाठी जपून ठेवायला सांगा. तपासाचं काम झालं की मग त्याच्याकडून फोटो पुसून घ्या, 'अलीकडे हटवलेले' या फोल्डरमधूनही.